लेकरू वाचतंय, पण कागद कळतो का?



दर वेळी या पत्रकात आम्ही दाव्यांचं लिहितो. कुठं मोजणी झाली, कुठं अडली, तहसीलवर कधी जायचं. यावेळी शाळेचं लिहितोय. काही जण म्हणतील, जमिनीच्या पत्रकात शाळा कामून? शाळेचं गुरुजी बघतील, तुम्ही दाव्याचं बघा. पण गेल्या दोन-तीन वर्षांत गावागावांत फिरताना आम्हाला पक्कं कळलंय, की लेकराला वाचायला कसं शिकवतात आणि आपली जमीन आपल्या नावावर होते का, हे दोन सवाल एकमेकांत गुंतलेले आहेत. आधी एका घराची गोष्ट सांगतो.

आमच्याच भागातलं एक गाव. एका काकाचा वनहक्काचा दावा होता. बाप-आज्यापासून कसत आलेलं दोन एकराचं वावर. एक दिवस टपालानं कागद आला. काकाला वाचता येत नाही. नातू आठवीत. त्यानं ओसरीवर बसून सगळ्यांसमोर कागद वाचला. खडाखडा वाचला, एक अक्षर चुकला नाही. आपला दावा पुराव्याअभावी अमान्य करण्यात येत आहे, असं त्यात होतं. ऐकणाऱ्यांना 'दावा' कळलं, 'मान्य' कळलं, 'करण्यात येत आहे' कळलं. सगळे खूश. काकानं कागद पिशवीत घालून देवाच्या फळीवर ठेवला. गूळ वाटला.

आम्ही त्या गावाला गेलो तेव्हा तीन महिने उलटून गेले होते. काकानं कौतुकानं कागद दाखवला. आम्ही वाचला आणि काय बोलावं तेच सुचेना. अशा निकालाविरुद्ध वरच्या समितीकडं जायला कायद्यानं साठ दिवस दिलेत. ते ओसरीवरच संपले होते. त्या पोराला आम्ही हळूच विचारलं, "अमान्य म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "मान्य केलं असंल."

आता उशीर का झाला ते सांगणारा अर्ज, ग्रामसभेचा ठराव, चकरा, सगळं चालू आहे. काकाचं वावर आम्ही सोडणार नाही. पण त्या दिवसापासून एक सवाल डोक्यातून जात नाही. पोरगं आठ वर्षं शाळेत गेलं. वाचायलाही शिकलं. मग त्याला कळलं कामून नाही?

आम्हीही असेच शिकलो

पोराला दोष द्यायचा नाही. आम्हीही असेच शिकलो. गुरुजी धडा वाचायचे, आम्ही मागून एका सुरात ओरडायचो. प्रश्नांची उत्तरं फळ्यावर असायची, ती उतरवायची आणि परीक्षेत तशीच उमटवायची. बारावी झालो तरी तहसीलचा साधा कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हा तीन वेळा वाचूनही त्यात आपल्याला काय करायला सांगितलंय ते कळलं नव्हतं. लाज वाटली म्हणून कोणाला विचारलंही नाही.

आणि पुष्कळ लेकरांचं तर अजून वाचण्यापाशीच अडलेलं आहे. २००५ पासून 'असर' नावाची पाहणी देशभर गावागावांत होते. 'प्रथम' ही संस्था ती चालवते. घरी जाऊन लेकराच्या हातात एक कागद देतात. त्यावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा लहान परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. लेकरू कुठपर्यंत वाचतं ते बघतात. गावांतल्या शाळांमध्ये पाचवीत गेलेल्या लेकरांपैकी साधारण निम्म्यांनाच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येते, असं ही पाहणी सांगते. म्हणजे आपली लेकरं मठ्ठ आहेत म्हणून हे होतंय असं नाही. सगळ्या देशात शिकवण्याचीच गाडी कुठंतरी रुतलेली आहे. आपल्याकडं तर दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात, लेकरं फडावर जातात आणि परत येतात तेव्हा शाळा संपत आलेली असते.

मधली काही वर्षं आठवीपर्यंत नापास करायचं नाही असा नियम होता. मार आणि नापासाची भीती गेली होती, ते चांगलंच होतं. पण पोरगं कुठं अडलंय हे कोणी बघितलंच नाही, तर ते वरच्या वर्गात जातं आणि अडलेलं तिथंच राहतं.

अक्षर कुठून सुरू करायचं

आपल्या मराठीत चौतीस-पस्तीस व्यंजनं. प्रत्येकाची बाराखडी केली तर चारशेच्या वर अक्षरं होतात. ही सगळी घोकून झाल्यावर शब्द, मग वाक्य, मग धडा, असं काही ठिकाणी अजून चालतं. घोकण्यातच वर्ष-दोन वर्षं जातात. आपण हे कशासाठी करतोय ते लेकराला कळत नाही. ते कंटाळतं आणि गुरांमागं जातं.

दुसरी रीत अशी. थोडीच अक्षरं घ्यायची आणि त्यांतून लगेच शब्द बनवायचे. शब्द असे, की लेकरू ते रोज बोलतं. ज, म, न, ग, व, र ही सहा अक्षरं घ्या. त्यांना काना आणि दुसरी वेलांटी जोडा. आता बघा काय काय होतं: वन, रान, गाव, नाव, वारा, वावर, गवार, गाजर, गावरान, जनावर, जमीन. सहा अक्षरं आणि दोन खुणा, एवढ्यात आपलं अर्धं जग आलं. पहिल्या पंधरा दिवसांत लेकराला स्वतःच्या गावाची वस्तू वाचता आली की त्याचे डोळे कसे चमकतात ते आम्ही पाहिलंय. एकदा 'ना' मधला काना कळला की तोच काना 'गा', 'वा', 'रा' ला लागतो, हे ते आपणच ओळखतं. चारशे अक्षरं घोकायची गरजच पडत नाही. या सहांवर हात बसला की पुढची चार-पाच घ्यायची.

ही रीत काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. ब्राझील देशात पावलो फ्रेरे नावाचा शिक्षक होऊन गेला. १९६३ साली अंजिकोस नावाच्या गावात त्यानं आणि त्याच्या साथींनी सुमारे ३०० मजुरांना ४० तासांच्या वर्गांत वाचायला-लिहायला शिकवलं. त्यानं मजुरांच्या तोंडचेच शब्द घेतले. 'वीट' हा त्यांतला एक. वीट कोण भाजतो, घर कोणाचं होतं, मजुराला राहायला घर का नाही, हे बोलत बोलत अक्षर शिकायचं. त्या वेळी त्या देशात निरक्षराला मत द्यायचा हक्क नव्हता. म्हणजे मजूर वाचायला शिकला की मतदार होत होता. पुढच्याच वर्षी तिथं लष्कराचं राज्य आलं आणि फ्रेरेला तुरुंगात टाकलं, मग देश सोडावा लागला. मजुराला अर्थासकट वाचता येणं सत्तेला कधीच परवडत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही हे झालंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या डोंगरावर वारली लेकरांसाठी शाळा चालवल्या. गुरं राखणारी लेकरं शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. नर्मदेच्या काठी धरणाविरुद्ध लढणाऱ्या आदिवासी गावांनी स्वतःच्या जीवनशाळा काढल्या. तिथं लेकरांच्या पावरी आणि भिलोरी बोलीत पुस्तकं तयार झाली. त्या लोकांनी लढा संपायची वाट पाहिली नाही. लढताना शाळाही चालवली.

'पानी' लिहिलं म्हणून मारू नका

आता शुद्धलेखनाचं. आपण घरी 'इहीर' म्हणतो, पुस्तकात 'विहीर' असतं. आपली 'येळ', पुस्तकातली 'वेळ'. आपलं 'पानी', पुस्तकातलं 'पाणी'. लेकरू वहीत 'पानी' लिहितं आणि त्यावर लाल रेघ येते, वरून चार पोरं हसतात. लेकराला वाटतं, आपली बोलीच खोटी, आपले आईबापच अडाणी. मग ते लिहायचंच सोडतं.

खरं बघितलं तर त्या लेकरानं मोठं काम केलंय. कानाला ऐकू आलं ते त्यानं बरोबर अक्षरांत उतरवलं. आवाज आणि अक्षराचा मेळ त्याला कळलाय. आता त्याला एवढंच सांगायचं, की बोलायची रीत एक आणि कागदावर लिहायची रीत एक. भिंतीवर दोन रांगा करा. एका बाजूला 'घरचा शब्द', दुसऱ्या बाजूला 'कागदावरचा शब्द'. रोज एक जोडी लेकरांनीच शोधून आणायची. घरचा शब्द पुसायचा नाही. त्याच्या शेजारी दुसरा ठेवायचा.

पण कोणी असंही म्हणू नये की शुद्धलेखनाचं काय एवढं, भावना कळल्या म्हणजे झालं. कागदाच्या जगात एक टिंब आणि एक काना जमीन घेऊन जातो. आपल्या आंध जमातीचंच बघा. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आपलं नाव पहिल्याच क्रमांकावर आहे. 'आंध' मधला काना राहिला की 'अंध' होतं, म्हणजे आंधळा. दाखला काढताना शाळेच्या निर्गम उताऱ्यावर काना नसला की किती चकरा माराव्या लागतात, ते ज्यांनी मारल्या त्यांना विचारा. 'मजूर' वर टिंब दिलं की 'मंजूर' होतं, त्याच्या आधी 'ना' लागला की 'नामंजूर'. एकाच माणसाचं नाव रेशन कार्डावर 'किसन', मतदार यादीत 'किशन', दाव्याच्या अर्जात 'किशनराव', आणि मग माणूस एकच आहे हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र. आकड्यांचंही तसंच. ०.८० हेक्टर म्हणजे दोन एकराच्या आसपास. ०.०८ लिहिलं गेलं तर आठच गुंठे.

म्हणून शुद्धलेखन शिकवायचं ते असं शिकवा. घोकून वीस शब्द लिहून आणायला सांगण्यापेक्षा लेकरांना घरचे कागद आणायला सांगा: रेशन कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, लाईट बिल. त्यावर आपलं, आईचं, गावाचं नाव कसं लिहिलंय ते बघायचं, वहीत उतरवायचं, दोन कागदांत फरक आहे का ते शोधायचं. चुकीचा काना शोधणारं पोरगं तो काना आयुष्यात विसरत नाही. आणि घरच्यांनाही वेळेवर कळतं की कागद दुरुस्त करायचा आहे.

वाचलं ते सांगता आलं पाहिजे

सगळ्यात मोठी गोष्ट अर्थाची. काकाच्या नातवाला अक्षर येत होतं, उच्चार येत होता. वाचताना थांबून 'हे काय म्हणतंय?' असं स्वतःला विचारायची सवय मात्र त्याला कोणी लावली नव्हती. ही सवय शिकवावी लागते, आपोआप येत नाही.

पहिलं, लहानपणापासून लेकराला वाचून दाखवायचं. ज्याला वाचता येतं त्यानं, रोज दहा मिनिटं. मध्येच थांबून विचारायचं, आता पुढं काय होईल? असं कामून वाटतं?

दुसरं, लेकरानं एक परिच्छेद वाचला की पुस्तक मिटवायचं आणि घरच्या बोलीत सांगायला लावायचं. पुस्तकातलंच वाक्य पाठ म्हणून दाखवलं तर चालणार नाही. आजीला समजेल असं सांगता आलं तरच कळलं.

तिसरं, शब्दांचे सांधे दाखवायचे. मान्य–अमान्य, पात्र–अपात्र, पूर्ण–अपूर्ण, मंजूर–नामंजूर, कायदेशीर–बेकायदेशीर. पुढं एवढंसं अक्षर येतं आणि सगळं उलटं करून टाकतं. पाचवी-सहावीच्या लेकराला हा खेळ एका तासात येतो. हा एक तास त्या पोराला मिळाला असता तर काकाचे साठ दिवस वाचले असते.

चौथं, सरकारी वाक्याचं घरचं वाक्य करायचं. 'करण्यात येत आहे' म्हणजे कोण करतंय? सरकारी भाषेत करणारा नेहमी लपलेला असतो. लेकरांना सांगा, लपलेला माणूस शोधा. 'आपला दावा अमान्य करण्यात येत आहे' याचं घरचं वाक्य काय? 'आम्ही समितीवाले तुमचा दावा मानत नाही.' असं म्हटलं असतं तर ओसरीवर गूळ वाटला गेला नसता.

पाचवं, कुठलाही कागद आला की चार सवाल: कोणी लिहिलंय? कोणाला लिहिलंय? हो म्हणतंय की नाही म्हणतंय? आता आपण काय करायचं आणि किती दिवसांत? हे चार सवाल शाळेच्या भिंतीवर आणि वनहक्क समितीच्या फाईलवर दोन्हीकडं लिहून ठेवा.

आणि एक काम लेकरांकडून लिहून घ्यायचं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं: हे वावर कोणी तोडलं, पहिलं पीक काय घेतलं, कोणत्या झाडापाशी सीव होती, जंगलखात्यानं कधी त्रास दिला. ते जसं सांगतील तसं लेकरांनी लिहायचं आणि मग त्यांनाच वाचून दाखवायचं. 'असं नाही, तसं होतं' म्हणत म्हातारी माणसं दुरुस्त करतात आणि लेकरू पुन्हा लिहितं. लिहिलेलं परत वाचून नीट करणं यापेक्षा चांगलं कसं शिकवणार? शिवाय वनहक्काच्या नियमांत वयस्क माणसांचं लिहून घेतलेलं कथन हा पुरावा म्हणून धरलेला आहे. लेकराची वही म्हणजे पुरावा नव्हे, ते कथन समितीनं रीतसर घ्यावं लागतं. पण कोणाला काय आठवतं हे त्या वहीतून समितीला कळतं. आपल्या म्हाताऱ्यांच्या वेळचे कागद निजामाच्या राज्यातले, उर्दूत आणि मोडीत. त्यांना ते वाचता आले नाहीत. त्यांच्या तोंडचं तरी आता आपल्या लेकरांच्या अक्षरात यावं.

गुरुजींशी भांडण नाही

दोन शिक्षकी शाळेत चार-चार वर्ग एका खोलीत बसवून, वरून माहितीचे तक्ते भरत शिकवणाऱ्या गुरुजी-बाईंची ओढाताण आम्हाला दिसते. काही जण स्वतःच्या पैशानं पुस्तकं आणतात. आमचं म्हणणं एवढंच, की हे काम त्यांच्या एकट्यांवर टाकून आपण मोकळं व्हायचं नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बाया असल्याच पाहिजेत. कित्येक गावांत ही समिती सहीपुरती आहे. वनहक्क समितीसाठी आपण जसे भांडलो तसं या समितीत खरी माणसं बसवायला काय हरकत आहे?

'आधी जमीन, मग शाळा' असं म्हणणाऱ्यांना आमचं उत्तर आहे. जमिनीचा पट्टा हातात आला तरी त्यावर गट नंबर काय, क्षेत्र किती, अट काय लिहिली आहे, हे वाचायला दुसऱ्याच्या दारात जावं लागलं, तर तो पट्टा अर्धाच आपला. सावकाराच्या, दलालाच्या हातात आपण कागद वाचायला दिला आणि काय काय गेलं, हे घरोघरी माहीत आहे.

येत्या ग्रामसभेत हे घ्या

१. गावातल्या सगळ्या लेकरांचं वाचन ग्रामसभेनं स्वतः तपासावं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, एवढंच. एका लेकराला पाच मिनिटं लागतात. गोष्ट वाचली की ती घरच्या बोलीत सांगायला लावावी. कोणाला हसायचं नाही, नावं वाचून दाखवायची नाहीत.

२. शिकलेल्या पोरा-पोरींनी रोज संध्याकाळी एक तास द्यावा. लेकरांना इयत्तेप्रमाणं न बसवता जिथं अडलंय तिथं बसवावं. पाचवीचं अक्षरावर अडलं असेल तर ते अक्षरावर, दुसरीचं गोष्ट वाचत असेल तर ते गोष्टीवर.

३. टोळीसोबत जाणाऱ्या लेकरांचं दिवाळीआधीच ठरवावं. हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत करावी. तरी जावंच लागलं तर सोबत दोन पुस्तकं आणि एक वही द्यावी. टोळीतल्या एखाद्या शिकलेल्या माणसावर ती जबाबदारी द्यावी.

४. गावात आलेला प्रत्येक सरकारी कागद दोन जणांनी वाचावा आणि चार सवालांची उत्तरं फाईलला लावावीत. त्यांतला एक जण शाळेत जाणारा असावा.

५. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत 'किती लेकरं आली' याच्यासोबत 'किती लेकरांना वाचलेलं कळतं' हा विषय दर महिन्याला घ्यावा.

काकाचा नातू आता आमच्यासोबत फिरतो. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका मावशीला आलेला कागद त्यानं वाचला. आधी मनात वाचला. मग मावशीकडं बघून म्हणाला, "मावशे, हे नाही म्हणतेत. पण घाबरू नको, अजून बेचाळीस दिवस हायेत." आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशीचा अर्ज लिहायला बसलो. पहिला मसुदा त्यानंच लिहिला. दोन काने राहिले होते, ते त्याचे त्यानंच शोधले.

जमीन आमची, अक्षरही आमचं!
जिंदाबाद!